चौथा टाळ

हे मी सांगतो आहे आणि माझी लेक रेखा लिहून घेते आहे. माझे डोळे जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे अक्षरं तिची आणि चुका माझ्या. मध्येच थांबून ती विचारते, "आप्पा, हे राहू द्यायचं का?" मी राहू दे म्हणतो. भक्तीचा अनुभव सांगायला बसलेला माणूस सहसा देवानं काय दिलं तिथून सुरुवात करतो. मला मात्र आधी हे सांगावं लागेल की गेल्या वर्षीच्या माघ वद्य एकादशीपासून दिवाळी उलटेपर्यंत मी देवाला हात जोडले नव्हते. घरात दिवा लागला की मंडळी, म्हणजे रेखाची आई, मला देवापुढे नेऊन उभं करायची आणि मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहायचो. तिला ते दिसत होतं. ती काही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याचाही मला राग यायचा.

आमचं गाव तापीकाठी, मुक्ताईनगर तालुक्यात. घरची केळी आहे, ती आता मुलगा बघतो. मी पस्तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवला. हात बरा होता माझा, आणि तो बरा आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. पन्नाशीनंतर काचबिंदू निघाला. त्यात दुखत नाही, खुपत नाही. बाजूचं दिसेनासं होतं आणि माणसाला वाटतं, आपणच नीट बघितलं नसेल. आधी बाजूला बसलेली माणसं गेली, मग मृदंगाची दोन टोकं गेली, शेवटी समोर भजन सांगणाऱ्या बुवांचा चेहरा तेवढा एका गोल भोकातून दिसायचा. एका पावसाळ्यात तोही गेला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येत नाही, थेंब घालत राहा.

डोळे गेल्यावर लोक घरी येतात ते गाणी घेऊन येतात. कुणी रेडिओ आणला, कुणी पेनड्राइव्ह, जावयानं बोटभर लांबीचा स्पीकर आणला. सगळ्यांचं म्हणणं एकच, आता तुम्हाला गाण्यातला आनंद दुप्पट होईल, देव एक दार लावतो तेव्हा कान उघडतो वगैरे. त्यांच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण गाण्याचं जे झालं ते त्यांना वाटतं तसं झालं नाही. डोळे असताना मी गाणं ऐकून रडलो आहे, पुष्कळदा. रडलो की डोळे उघडायचे, समोर भिंत असायची, भिंतीवर कॅलेंडर, खाली चहाचा कप. त्या कपाला बघून माणूस घरी परत येतो. आता भिंत नाही. गाणं मला जिथं नेऊन ठेवतं तिथंच मी राहतो, आणि ते संपलं तरी परतीची वाट सापडायला वेळ लागतो. आनंदाचं असलं तरी तसंच होतं. छातीत काहीतरी फार जोरात हलतं आणि ते सुख आहे की भीती हे कळायला दोन-चार क्षण जावे लागतात.

आणखी एक गोष्ट डोळे जाईपर्यंत मलाही माहीत नव्हती. भजन निम्मं डोळ्यांनी वाजतं. बुवांची भुवई वर गेली की चाल बदलणार, हात खाली आला की थांबायचं, टाळकऱ्यांची पावलं सावकाश पडू लागली की लय उतरवायची. इतकी वर्षं मी हे बघत होतो आणि स्वतःला कानाचा पक्का समजत होतो. नजर गेल्यावर पहिल्याच सप्ताहात मी दोनदा चुकलो, आणि मंडळातली माणसं माझ्याशी फार गोड बोलू लागली. तेव्हा मला तारलं ते वासूनं.

वासू माझा शाळेपासूनचा मित्र. गाव त्याला वासुनाना म्हणायचं. तो टाळकरी. इतर टाळकरी उभे राहायचे, हा माझ्या डाव्या अंगाला खांबाशी मांडी घालून बसायचा, कंबरेचं निमित्त सांगून. त्याचा उजवा गुडघा माझ्या डाव्या गुडघ्याला लागलेला असायचा. चाल बदलायची असली की तो गुडघा एकदा दाबायचा, थांबायचं असलं की दोनदा. हे आम्ही ठरवलं नव्हतं, पहिल्यांदा त्यानं दाबला आणि मला कळलं. पुढं बुवांनाही पत्ता नव्हता की हा आंधळा इतका नेमका कसा थांबतो. लोक म्हणायचे, देवाची कृपा. वासू कानाशी यायचा आणि म्हणायचा, "देवाचा गुडघा लई दुखू रायला बरं आज."

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो भरदार बोलत नाही. ही कणीक कायम वासूच्या घरून यायची. त्याची बायको, सुमनवहिनी, एकादशीला सगळ्या घराचा उपास, चूल साबुदाण्यापुरती पेटलेली, तरी मूठभर गव्हाचं पीठ मळून ओल्या फडक्यात द्यायची. त्या घरात त्या दिवशी कणीक मळली जायची ती फक्त मृदंगासाठी. मी ती हातात घेऊन दाबून बघायचो, सैल आहे म्हणून कुरकुर करायचो, आणि वासू म्हणायचा, "घरी सांगतो तसं, मंग तुले जेवाले बोलवनार नाही ती."

वासूत एकच खोड होती. आठ मात्रांच्या ठेक्यात टाळ चार वेळा पडतो. याचे तीन बरोबर पडायचे आणि चौथा थोडा आधी. बस सुटते आहे अशा घाईनं पडायचा. इतका थोडा आधी की ऐकणाऱ्याला कळू नये, पण मला पस्तीस वर्षं ते खड्यासारखं लागलं. मी त्याला घरी बसवून शिकवलं, चिडून बोललो, एकदा तर तिथंच मृदंग खाली ठेवून उठलो. त्याच्यावर काही परिणाम नाही. म्हणायचा, "कायले चिडतो? मी लौकर पोचतो आन तुझी वाट पायतो. तुले काय तरास?"

आमच्या मंडळात एक रीत आहे. भजन चढत गेलं आणि मृदंग खरोखर रंगला असं बुवांना वाटलं तर ते हात वर करतात. मग टाळ एकेक करून थांबतात आणि मृदंग एकटा वाजतो. पाच-सात आवर्तनं, मग सगळे टाळ पुन्हा समेवर येतात. हा मान वर्षातून एखाद्या वेळी मिळतो, कुणाकुणाला जन्मभर मिळत नाही. मला डोळे असताना तीनदा मिळाला होता. डोळे गेल्यापासून एकदाही नाही. मला वाटायचं, आता हे मला कीव म्हणून सांभाळून घेतात, मान द्यायला कुणी तयार नाही. ही गोष्ट मी वासूलाही बोललो नव्हतो.

त्या एकादशीला दिवेलागणीची वेळ होती. मुक्ताईच्या यात्रेचे दिवस, त्यामुळे गावात पाहुणे फार, सभामंडप गच्च भरलेला. माझ्यापुढे माइक, पलीकडे मोठा स्पीकर. आठ मात्रांच्या धुमाळीला भजन चढलं. हात असा चालत होता की मलाच नवल वाटत होतं. आणि मग डावीकडचा टाळ थांबला. वासूचा. माझ्या गुडघ्यावरून त्याचा गुडघा निघाला. मला वाटलं, मला जागा करून द्यायला मागं सरकला. मग उजवीकडचा टाळ थांबला, मग मागचे दोन, मग सगळे. बुवांचा आवाज थांबला. आणि मला कळलं की बुवांनी हात वर केला आहे. इतक्या वर्षांनी. माझ्यासाठी.

मी वाजवलं. आयुष्यात वाजवलं नव्हतं असं वाजवलं. लोकांची हालचाल ऐकू येत होती, पायांचे आवाज, कुणीतरी "नाना" म्हणालं, कुणीतरी पाणी म्हणालं. मला वाटलं, लोक ऐकायला पुढं सरकत आहेत. डोळे गेल्यापासून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता, आणि हे मी आज लपवणार नाही. मी हसत होतो. पुढं कुणीतरी मला ते सांगितलं, की तुम्ही हसत होता. मिनिटभर तरी झालं असेल. मग कुणाचा तरी तळवा मृदंगाच्या उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर सपाट पडला आणि आवाज मेला. तळव्याला घाम होता. बुवा होते ते. म्हणाले, "थांब. वासू गेला."

खांबाशी टेकलेला तो तसाच खाली घसरला होता. माझ्यापासून दोन हातांवर. टाळ सतरंजीवर पडला म्हणून त्याचाही आवाज आला नाही. आणि मला थांबवणारा गुडघा त्याचाच होता, त्यामुळे मला थांबवायला कुणी नव्हतं. बाकीचे सगळे त्याच्याकडे धावले. मी एकटा हसत, मान डोलवत, माझ्या मित्राच्या मरणावर मृदंग वाजवत होतो.

मला कुणी दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं. दहाव्याला मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या, त्यांच्या बोलण्यात मृदंग हा शब्द होता. सुमनवहिनी माझ्या समोर आल्या, थांबल्या आणि आत गेल्या. पावलांवरून कळलं. मी मृदंगाला खोळ घालून तो माळ्यावर टाकायला लावला. मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. कुठलंही गाणं लागलं, रेडिओ असो की लग्नाचा बँड, त्यात दोन कडव्यांमध्ये क्षणभर शांतता आली की मी मोठ्यानं विचारायचो, "काय झालं? कोण पडलं?" नातू हसायचा. मंडळी हसायची नाही. डोळस माणसाला गाण्यातली शांतता दिसते. गाणारा श्वास घेतो, पाणी पितो, हे त्याला दिसतं. मला प्रत्येक शांततेत वासू घसरताना ऐकू यायचा, म्हणजे ऐकू यायचा नाही, आणि तेच भयंकर होतं.

मंडळी मला एकदा मुक्ताईनगरला दर्शनाला घेऊन गेली. मुक्ताई आमच्या या बाजूलाच विजेच्या लखलखाटात दिसेनाशी झाली असं सांगतात. मी गाभाऱ्यापुढे उभा राहून मनात म्हटलं, डोळे घेतलेस, मी काही बोललो नाही. पण त्या दिवशी ती शांतता कसली आहे एवढं तरी मला ओळखू द्यायचं होतंस. मला आनंद झाला, तो कशाला होऊ दिलास? बाहेर कुणी टाळ वाजवत बसलं होतं. त्यांनी टाळ थांबवला तसा मी मंडळीचा हात ओढून रस्त्यावर आलो. त्या दिवशी मी देवाला सांगून टाकलं की आपला संबंध संपला. गावात भजनाचा आवाज घरापर्यंत यायचा, म्हणून श्रावणात मी रेखाकडे धुळ्याला येऊन राहिलो. इथं आजूबाजूला बँकेतली, शाळेतली माणसं, त्यांचे टीव्ही. दर एकादशीला मात्र दिवेलागणीला माझी बोटं मांडीवर आपोआप हलायची आणि मी त्यांवर बसायचो. खरंच हात मांडीखाली दाबून बसायचो. रेखा म्हणते हे नको लिहायला. राहू दे.

दिवाळी झाल्यावर रेखा मला इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. दृष्टी गेली तरी डोळ्यातला दाब तपासावा लागतो, नाहीतर ठणका लागतो. तिथं सगळ्यांना थेंब घालून बाकावर बसवतात आणि डोळे मिटून ठेवायला सांगतात. रेखा नंबर लावायला खिडकीपाशी गेली. माझ्या शेजारी एक बाई बसली होती. लुगड्याचा सुती वास आणि हातात धातूचं काहीतरी, बहुधा तांब्या, त्यावर तिच्या बांगड्या वाजत होत्या. तिच्याही डोळ्यात थेंब होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आबा, तुमनं गाव कोनतं?" मी सांगितलं. तांब्यावरच्या बांगड्या थांबल्या. मग म्हणाली, "तुम्हीच मृदंगवाला ना? मन्ही पोर तुमना गावमा शे. त्या दिन मी तठेच व्हती."

मला उठून जायचं होतं, पण काठी रेखाकडे होती. मी म्हटलं, "अक्का, ते नको काढू." तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. सोनगीरची होती ती, तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्या तांबटाच्या घरातली. सांगत होती की यात्रेसाठी लेकीकडे आली होती आणि मंदिरात बायकांच्या बाजूला त्याच खांबाशी बसली होती. नाना घसरले ते तिच्याच अंगावर. गर्दी झाली, माणसांनी त्यांना आडवं केलं, छाती चोळली. त्यांचा हात मात्र तिच्या हातात राहिला होता.

"लोके म्हनेत, गया. पन जीव व्हता, आबा. तुमना मृदंग चालू व्हता तवलोंग त्यासना बोटे हालेत. मन्हा हातवर."

मृदंग चालू होता तोवर बोटं हलत होती, असं ती म्हणत होती. मला वाटलं, बाई चांगली आहे, आंधळ्या माणसाची समजूत घालते आहे. असं बोलणारी माणसं असतात. मी तिला तसं म्हटलंही असतं. पण तिनं चाचपडत माझा हात धरला, उलटा केला आणि म्हणाली, "आम्हनाकडे ठोका आयकीसन समजस, कोन ठोकी ऱ्हायना ते. चाळीस वरीस आयकेल शे. देखा, असा व्हता."

आणि तिनं दोन बोटांनी माझ्या तळव्यावर ठोके दिले. एक. दोन. तीन. आणि चौथा, थोडा आधी.

तिनं ते चार-पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी तीन बरोबर आणि चौथा घाईनं. तिच्या बोटांना घट्टे होते. ती म्हणाली, "मी मनमा म्हनं, हाऊ मानूस तांबट व्हता ते भांडं वाकडं करता." हसली थोडी. मी हसलो नाही. मला रडू आलं आणि डोळ्यातले थेंब गालावर आले, नर्स ओरडली की आबा, डोळे दाबू नका. मी दाबत नव्हतो. पस्तीस वर्षं ज्या चुकीसाठी मी त्याला बोललो, ती चूक जगात दुसऱ्या कुणाची नव्हती. त्या बाईला ती कुणी सांगणं शक्य नव्हतं, कारण आम्हा दोघांशिवाय ती कुणाला माहीत नव्हती. वासू माझ्याबरोबर होता. लोक त्याची छाती चोळत होते आणि तो टाळ धरत होता. चुकीचा, नेहमीसारखा.

मी विचारलं, "मग?"

ती म्हणाली, "मंग तुमना मृदंग बंद पडना. त्यासनी आखो दोन ठोका दिन्हात. मंग नही." मृदंगानंतरही आणखी दोन. पुढं म्हणाली, "कोनले सांगाले गयी नही मी. बठ्ठा लोके रडी ऱ्हायंतात, मी परकी बाई."

मग आतून तिचं नाव पुकारलं. ते गडबडीत मला नीट ऐकू आलं नाही. ती उठली, तांब्या माझ्या गुडघ्याला लागला, आणि गेली. रेखा येईपर्यंत मी हात तसाच उघडा धरून बसलो होतो. पुढं मला कुणी कुणी विचारलं की तिचा शोध घेतला का. आमच्या गावात सोनगीरकडच्या दोन-तीन सुना आहेत, विचारलं तर कळेल. मी विचारलेलं नाही. त्या बाईला आणि मला एका बाकावर कुणी बसवलं, याची चौकशी मला करायची नाही. मला हवं ते मिळालं आहे, आणि मी ते मागितलंही नव्हतं. मी तर भांडण करून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी मी गावी परतलो आणि मंडळीला म्हटलं, मला सुमनवहिनींकडे घेऊन चल. ओट्यावर बसलो. वहिनी बाहेर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, मध्ये थांबलो नाही, हसत होतो हेही सांगितलं. मग ठोके कसे होते ते ओट्याच्या फरशीवर वाजवून दाखवले. तीन, आणि चौथा आधी. त्यानंतर फार मोठी शांतता झाली. हीच शांतता मला सगळ्यात जास्त भिववत होती. माझ्या तोंडात प्रश्न आला होता, काय झालं म्हणून. तो मी गिळला आणि बसून राहिलो. त्या रडत असतील, आत गेल्या असतील, माझ्याकडे रागानं बघत असतील. मला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचा काही मार्ग नव्हता.

शेवटी त्या म्हणाल्या, "मले वाटे, एकटा गेला तो."

मी म्हटलं, "वहिनी, माझ्यावर राग असेल तर बोला."

"राग व्हता ना, भाऊजी. वाजवला म्हनून नाही. वाजवनं सोडलं म्हनून." त्या ओट्यावर बसल्या. "दर एकादशीले कणीक मळते मी. हाताले सवय. फडक्यात बांधून ठेवते. दिवस बुडेपर्यंत वाट पायते, मंग गाईले घालते."

मी नऊ महिने धुळ्यात आणि घरात हात मांडीखाली दाबून बसलो होतो, आणि इथं ही बाई उपासाच्या घरात दर पंधरा दिवसांनी माझ्यासाठी पीठ मळत होती. देवावर रुसताना मी कुणाकुणावर रुसलो होतो याचा हिशेब मी केलाच नव्हता. मला फार लाज वाटली. त्या दिवशी घरी येऊन मी देवापुढे हात जोडले, पण मागायला काही सुचलं नाही.

माघात वासूचं वर्षश्राद्ध झालं. संध्याकाळी त्यांच्याच अंगणात भजन ठेवलं. मृदंग माळ्यावरून काढला तेव्हा चामड्याच्या वाद्या सैल पडल्या होत्या, दोन दिवस ताणण्यात गेले. वहिनींनी फडक्यातली कणीक माझ्या हातात दिली. मी दाबून बघितली. सैल होती. मी काही बोललो नाही, आणि मला वाटतं, त्यांना ते कळलं. डाव्या अंगाला मी कुणाला बसू दिलं नाही. बुवांना सांगितलं, मला थांबवायचं झालं तर मागच्यासारखा हात ठेवा, दुसरी खूण नको.

भजन चढलं आणि एका क्षणी टाळ थांबू लागले. उजवीकडचा, मग मागचे. मला कुणी सांगितलं नव्हतं. छातीत तेच झालं. मृदंग तिथंच सोडून विचारावंसं वाटलं की कोण पडलं. बुवांनी हात वर केला असेल, किंवा नसेल. माझा मान असेल, किंवा कुणाचा तरी शेवट असेल. मी वाजवत राहिलो. आनंद झाला का म्हणाल तर नाही, भीतीही होती, पण हात थांबला नाही. आणि तिसऱ्या आवर्तनाला माझ्या लक्षात आलं की डावा हात चौथ्या ठिकाणी थोडा आधी पडतो आहे. पस्तीस वर्षं मी ज्या मात्रेचा पक्का होतो, ती मात्रा मी चुकत होतो. मी ती सुधारली नाही. सात आवर्तनं झाली आणि सगळे टाळ समेवर परत आले. सगळे होते, जागच्या जागी.

एवढंच घडलं. डोळे आले नाहीत, येणारही नाहीत. गाण्यात शांतता आली की छातीत अजून धडधडतं, रेखाला ते दिसतं आणि ती माझा हात धरते. मात्र आता मी काय झालं म्हणून विचारत नाही. ज्याला दिसतं त्याला आधी कळतं, मला नंतर कळेल, एवढाच फरक आहे. त्या अनोळखी अक्काला आणि तिला माझ्या शेजारी बसवणाऱ्याला माझा रोज नमस्कार असतो. माझ्याकडे वाजवायचं काम आहे, तेवढं मी करतो. थांबवणारा हात कधीतरी मृदंगावर पडेल. तोवर वासू पुढं जाऊन माझी वाट बघतो आहे.